पाण्यातले 'औषध' कसे काढायचे?

ऑक्टोबरातली छाटणी उरकली की निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या भागांतल्या द्राक्षबागांत भल्या सकाळपासून ट्रॅक्टरमागच्या ब्लोअरची घरघर ऐकू येऊ लागते. पाऊस रेंगाळला, ढग दाटले, पाने रात्रभर ओली राहिली, की 'डाऊनी' येतो. हवा कोरडी झाली की 'भुरी' डोके वर काढते. उडद्या, थ्रिप्स, पिठ्या ढेकूण ही मंडळी जोडीला असतातच. या सर्वांवर बागायतदार 'औषध मारतो'. पुस्तकी भाषेत त्याला कीटकनाशक किंवा बुरशीनाशक म्हणावे. पण बागेत कोणी तसे म्हणत नाही. औषध हाच शब्द, आणि वेलीच्या दृष्टीने तो बरोबरही आहे. प्रश्न उभा राहतो तो हे औषध वेल सोडून दुसरीकडे, विशेषतः विहिरीत गेल्यावर.

विहिरीत ते जाते कसे? फवाऱ्यातला काही भाग पानांवर बसतो, काही वाऱ्याबरोबर उडतो आणि काही जमिनीवर पडतो. जमिनीवर पडलेले सगळेच खाली झिरपते असे मात्र नाही. काळ्या मातीत चिकणमातीचे अतिशय बारीक कण आणि कुजलेल्या पाल्याचा अंश असतो. हे दोन्ही पदार्थ पुष्कळशा रसायनांना धरून ठेवतात. म्हणजे या लेखात ज्या पदार्थांची ओळख करून घ्यायची, त्यांतला एक आपल्या पायाखालीच आहे! डी.डी.टी.सारखे पाण्यात जवळजवळ न विरघळणारे रसायन मातीला असे चिकटते की वर्षानुवर्षे तिथून हलत नाही. उलट मोनोक्रोटोफॉस पाण्यात वाटेल त्या प्रमाणात मिसळते. साहजिकच ते पाण्याबरोबर चालू लागते.

त्यात आपल्या जमिनीखालचा खडक बेसॉल्टचा. हा काळा पाषाण स्वतः घट्ट असतो. पाणी वाहते ते त्याच्या भेगांतून आणि सांध्यांतून. वाळूच्या जाड थरातून सावकाश गाळत जाणारे पाणी वेगळे आणि भेगेतून सरळ खाली उतरणारे पाणी वेगळे. भेगेत शिरलेल्या पाण्याला मातीची भेट होते ती फक्त वरच्या थरात. तो थर पातळ असला की पाण्यातले औषध धरून ठेवायला मध्ये कोणीच उरत नाही.

याहूनही जवळची एक वाट आहे. फवारणी संपल्यावर टाकी, नळ्या आणि रिकाम्या बाटल्या कुठे धुतल्या जातात? जिथे पाणी हाताशी असते तिथे, म्हणजे बहुधा विहिरीच्या किंवा शेततळ्याच्या काठाशी. युरोपातल्या शेतांवर पाहण्या झाल्या, तेव्हा प्रवाहांत सापडणाऱ्या औषधाचा मोठा वाटा शेतातल्या फवारणीतून नव्हे, तर टाकी भरण्याच्या व धुण्याच्या जागेतून येतो असे दिसून आले. म्हणूनच बाटली तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्याच टाकीत ओतावे असे सांगितले जाते. तुमच्या घरी बाग असेल तर ही एक गोष्ट आजच वडिलांना सांगण्यासारखी आहे. तिला कसलाही खर्च नाही.

आता थोडे गणित करू. समजा, एका गोल विहिरीचा व्यास ६ मीटर आहे आणि तिच्यात ५ मीटर पाणी आहे. त्रिज्येचा वर्ग ९, त्याला ३.१४ ने व मग ५ ने गुणले की सुमारे १४१ घनमीटर, म्हणजे १ लाख ४१ हजार लिटर पाणी झाले. या पाण्यात फक्त १ ग्रॅम औषध पडले असे धरा. १ ग्रॅम म्हणजे १० लाख मायक्रोग्रॅम. भागाकार केला तर प्रत्येक लिटरमध्ये सुमारे ७ मायक्रोग्रॅम औषध येते.

सात मायक्रोग्रॅम म्हणजे कितीसे? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आय.एस. १०५००, वर्ष २०१२) प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी आहे. क्लोरपायरिफॉससाठी ती लिटरला ३० मायक्रोग्रॅम, मोनोक्रोटोफॉससाठी १ आणि मिथाइल पॅराथिऑनसाठी ०.३ मायक्रोग्रॅम. म्हणजे आपल्या विहिरीत पडलेला तो एक ग्रॅम क्लोरपायरिफॉसचा असेल तर पाणी मर्यादेच्या आत राहील, मोनोक्रोटोफॉसचा असेल तर सातपट बाहेर जाईल आणि मिथाइल पॅराथिऑनचा असेल तर तेवीसपटींहून अधिक! बाटलीबंद पाण्याचा नियम याहून कडक आहे: कोणतेही एक औषध लिटरला ०.१ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको आणि सर्व मिळून ०.५ पेक्षा जास्त नको. या नियमाने पाहिले तर एक ग्रॅम औषध अशा सत्तर विहिरींना काठोकाठ मर्यादेवर आणून ठेवील.

हा कडक नियम आपल्याकडे आला तो एका तपासणीनंतर. फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने दिल्लीतल्या १७ व मुंबईतल्या १३ छापांच्या बाटलीबंद पाण्याची तपासणी प्रसिद्ध केली. त्यात लिंडेन, डी.डी.टी., मॅलॅथिऑन, क्लोरपायरिफॉस ही नावे निघाली. नाशिकच्या बागायतदारांना अशा सूक्ष्म अंशांचा हिसका बसला तो पुढे २०१० साली. पाण्यात नव्हे, द्राक्षांत. वेलीची शेंडावाढ रोखून काडीत घड तयार व्हावेत म्हणून क्लोरमेक्वाट क्लोराइड वापरतात. बागायतदार त्याला सी.सी.सी. म्हणतात. युरोपात पोचलेल्या आपल्या द्राक्षांत त्याचा अंश किलोला ०.०५ मिलिग्रॅम या तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला आणि माल बंदरांत अडकून पडला. या सी.सी.सी.ची आठवण ठेवा. पुढे त्याच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

गढूळ पाणी दिसते, मचूळ पाणी चवीला कळते. लिटरमध्ये सात मायक्रोग्रॅम औषध मात्र ना दिसते, ना बहुतेक वेळा त्याचा वास येतो. घरातले नेहमीचे उपाय इथे कामाला येत नाहीत. तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो आणि गाळाला चिकटलेले औषध त्याच्याबरोबर जाते, पण विरघळलेले जागच्या जागी राहते. फडके तर त्याला अडवूच शकत नाही. पाणी उकळले की जंतू मरतात. काही रसायने उष्णतेने मोडतात हेही खरे, पण जी टिकतात ती पाणी आटल्यामुळे उलट दाट होतात. ग्रामपंचायत टाकीत टी.सी.एल. पावडर टाकते ती जंतूंसाठी, आणि ती टाकलीच पाहिजे. पण पाण्यात क्लोरपायरिफॉस असेल तर क्लोरीन त्याच्या रेणूतला गंधकाचा अणू काढून तिथे ऑक्सिजन बसवतो, आणि हा नवा रेणू मज्जातंतूंना मूळच्यापेक्षा अधिक बाधक असतो! आर.ओ. यंत्राचा पडदा बरीच औषधे अडवतो. अडवलेले औषध मग टाकाऊ पाण्याबरोबर मोरीत जाते आणि मोरीतून पुन्हा जमिनीत.

राहिला एक जुना उपाय: कोळसा.

टॉवेल पाणी पितो तेव्हा पाणी त्याच्या आत भरते. याला शोषण म्हणतात. एखाद्या घन पदार्थाच्या पृष्ठभागावर दुसऱ्या पदार्थाचे रेणू येऊन चिकटतात, त्याला अधिशोषण म्हणतात. आणि ज्याच्यावर ते चिकटतात तो पदार्थ म्हणजे अधिशोषक. रस्त्याकडेच्या झाडाच्या पानांवर धूळ बसते तसे. अर्थात पाने जितकी जास्त तितकी धूळ जास्त. म्हणून चांगल्या अधिशोषकाजवळ पृष्ठभाग भरपूर हवा.

नारळाच्या करवंट्या हवेशिवाय जाळून झालेल्या कोळशावर अतिशय तापलेली वाफ सोडली, की कोळशाला आतून असंख्य छिद्रे पडतात. याला सक्रियित कोळसा म्हणतात. अशा एक ग्रॅम कोळशाच्या छिद्रांच्या आतल्या भिंती उलगडून पसरता आल्या, तर त्यांचे क्षेत्रफळ सुमारे १००० चौरस मीटर भरेल. कबड्डीचे पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. एका ग्रॅममध्ये अशी साडेसात मैदाने झाली!

कोळसा रंग ओढून घेतो ही गोष्ट १७८५ साली रशियातल्या सेंट पीटर्झबर्ग इथे टोबियास लोविट्स या औषधनिर्मात्याने पाहिली. पुढच्या शतकात साखरेच्या कारखानदारांनी तिचा उपयोग केला. उसाचा तपकिरी रस हाडांच्या कोळशातून गाळला की साखर पांढरी होई. कोळसा थकला की ते त्याला धुऊन भट्टीत तापवत आणि पुन्हा कामाला लावत. कोळसा फेकून देणे त्यांना परवडण्यासारखे नव्हते. अधिशोषक पुन्हा पुन्हा वापरण्याची कल्पना अशी व्यापाऱ्यांच्या हिशेबातून आली, आणि आजही तिच्यामागे हिशेबच आहे.

अधिशोषकाच्या पृष्ठभागावर नेमके काय चालते ते समजण्यासाठी नाशिकच्या सी.बी.एस.वर उभी असलेली एस.टी.ची गाडी डोळ्यांसमोर आणा. गाडीतल्या बाकांची संख्या ठरलेली. गाडी रिकामी असते तेव्हा फलाटावरचा प्रत्येक जण चढतो आणि बसतो. निम्मी भरल्यावर जागा शोधायला वेळ लागतो. भरली की कंडक्टर 'जागा नाही' म्हणतो आणि लोक फलाटावरच राहतात. शिवाय काही जण चढत असताना काही उतरतही असतात. चढणारे आणि उतरणारे सारखे झाले की आतली संख्या स्थिर राहते. यालाच समतोल म्हणतात. अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर याने १९१८ साली पृष्ठभागावरच्या रेणूंचे गणित मांडले ते याच कल्पनेवर: जागा मोजक्या, एका जागेवर एकच रेणू. पृष्ठभागांच्या अभ्यासासाठी त्याला १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता पाणी स्वच्छ करणाऱ्या नळकांड्यात सक्रियित कोळसा भरला आहे आणि वरून विहिरीचे पाणी सोडले आहे अशी कल्पना करा. सुरुवातीला वरचे थर औषध पकडतात आणि खालून स्वच्छ पाणी येते. वरचे थर भरले की काम मधल्या थरांवर येते, मग खालच्या. एक दिवस शेवटचा थरही भरतो, आणि त्या दिवसापासून औषध खालून बाहेर पडू लागते. इथेच धोका आहे. पाणी कालच्याइतकेच नितळ दिसते, चवही तीच असते. नळकांडे भरले हे घरातल्या कोणालाच कळत नाही. उलट 'आमच्याकडे फिल्टर आहे' या भरवशावर सगळे निश्चिंत असतात. भरलेल्या कोळशातून एखादे वेळी आत येते त्याहून जास्त औषधही बाहेर पडते, कारण दुसरा अधिक चिकट रेणू आला की तो आधीच्याला बाकावरून उठवतो. असे उठवणारे रेणू पाण्यात नेहमीच असतात. कुजलेल्या पालापाचोळ्याचा अर्क विहिरीच्या पाण्यात औषधाच्या कितीतरी पट जास्त असतो, आणि बाके अडवण्यात तो पटाईत.

म्हणून दोन गोष्टी हव्यात. आपल्याला हव्या त्या प्रवाशालाच आत घेणारी गाडी, आणि ती ठरल्या जागी रिकामी करता येण्याची सोय.

दुसरी गोष्ट आधी घेऊ. भरलेला कोळसा रिकामा करायचा तर त्याला सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत वाफेत तापवावे लागते. चिकटलेली रसायने जळून जातात आणि छिद्रे मोकळी होतात. पण प्रत्येक खेपेला शेकडा पाच ते दहा भाग कोळसाही खर्ची पडतो. मोठ्या शहराच्या जलशुद्धीकरण केंद्राला हे जमते. निफाड तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर अशी भट्टी कोण घालणार? तिथे कोळसा एकदा वापरून उकिरड्यावर जातो, आणि त्याच्याबरोबर त्याने वेचलेले औषधही. पावसाळ्यात ते पुन्हा जमिनीत उतरायला मोकळे!

काही पदार्थ इतके घट्ट धरतात की सोडतच नाहीत. पॅराक्वाट या तणनाशकाच्या रेणूवर दोन धन विद्युत्भार असतात आणि तो चपटा असतो. चिकणमातीच्या कणांचे पातळ पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्यावर ऋण भार असतो. पॅराक्वाट या पापुद्र्यांच्या मध्ये जाऊन बसले की जवळजवळ कायमचे अडकते. पॅराक्वाट पोटात गेलेल्या रोग्याला डॉक्टर सक्रियित कोळसा किंवा चक्क मुलतानी माती पाण्यात कालवून पाजत आले आहेत ते याचसाठी. तिथे ही घट्ट पकड जीव वाचवण्याच्या कामाची. पण पुन्हा वापरायचा अधिशोषक हवा असेल तर तीच पकड अडचणीची ठरते.

आता आपल्या ओळखीचे सी.सी.सी. त्याच्या रेणूतल्या नायट्रोजनवर एक धन भार कायमचा असतो, आणि म्हणून ते पाण्यात अतिशय विरघळते. कोळशाला पाण्यापासून दूर पळणारे, तेलकट स्वभावाचे रेणू आवडतात, सी.सी.सी.कडे तो फारसे लक्ष देत नाही. ते पकडायला ऋण भार असलेला पदार्थ हवा, म्हणजे चिकणमाती किंवा आयन-विनिमय करणारी राळ. ही राळ रिकामी करणे सोपे असते. मिठाचे दाट पाणी सोडले की सोडियमचे धन आयन गर्दी करून आत शिरतात आणि आधीचे आयन बाहेर ढकलतात. जड पाणी हलके करण्याची यंत्रे याच युक्तीने पुन्हा पुन्हा वापरतात.

म्हणजे 'सर्व औषधांवर एकच फिल्टर' ही जाहिरातीतली भाषा झाली. रेणूचा स्वभाव पाहून अधिशोषक निवडावा लागतो. क्लोरपायरिफॉस आणि मॅलॅथिऑन यांच्या रेणूंत गंधक असते. गंधकाला चांदीची ओढ असते. चांदीची भांडी काळी पडतात ती यामुळेच. मद्रासच्या आय.आय.टी.तले प्राध्यापक टी. प्रदीप व त्यांचे सहकारी यांनी चांदीचे अतिसूक्ष्म कण ॲल्युमिनाच्या दाण्यांवर बसवून ही औषधे पाण्यातून काढून दाखवली, आणि २००७ साली त्यावर आधारलेला घरगुती फिल्टर बाजारात आला. भारतीय प्रयोगशाळेतून निघालेली ही फार चांगली कल्पना आहे. मात्र चांदी आणि गंधक यांची गाठ पक्की बसते. असा फिल्टर सहज धुऊन पुन्हा वापरण्यातला नव्हे.

सहज धुऊन वापरता येईल असा एक पदार्थ २०१६ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात विल्यम डिक्टेल यांच्या गटाने तयार केला. त्याचा कच्चा माल तुमच्या ओळखीचा आहे: मक्याचा किंवा बटाट्याचा स्टार्च. काही जिवाणूंची विकरे स्टार्चची लांब साखळी तोडून तिचे लहान कडे बनवतात. सात ग्लुकोजांच्या कड्याला बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणतात. त्याचा आकार बूड नसलेल्या बादलीसारखा असतो. बादलीची बाहेरची बाजू पाण्याशी मैत्री करते, आतली बाजू करत नाही. पाण्यात अवघडून फिरणारा तेलकट रेणू या बादलीत अलगद जाऊन बसतो. पण सायक्लोडेक्स्ट्रिन स्वतःच पाण्यात विरघळते ही अडचण होती. म्हणून डिक्टेल यांच्या गटाने या बादल्या ताठ दुव्यांनी एकमेकींना जोडून सच्छिद्र जाळे केले. त्याचे पृष्ठफळ ग्रॅमला सुमारे २६० चौरस मीटर, म्हणजे कोळशाच्या पाव भागाएवढे; तरीही मेटोलाक्लोर या तणनाशकासारखे रेणू त्याने चांगल्या कोळशापेक्षाही झपाट्याने पकडले. नुसते मैदान मोठे असून भागत नाही, तिथे शिरण्याची वाटही मोकळी हवी. पालापाचोळ्याचे मोठे रेणू बादलीत मावत नाहीत, हाही एक फायदाच. आणि रिकामे करायला भट्टी नको. नेहमीच्या तपमानाला मिथेनॉलने धुतले की काम झाले, कारण त्या रेणूंना बादलीपेक्षा मिथेनॉल अधिक पसंत पडते. असे अनेकदा धुऊनही त्याची पकड कमी झाली नाही.

याच दिशेने दुसरा रस्ता धातू आणि कार्बनी दुवे यांच्या जाळीदार स्फटिकांचा. या स्फटिकांची छिद्रे आपल्याला हव्या त्या मापाची घडवता येतात. त्यांच्या शोधाबद्दल सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर यागी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. झिर्कोनियम धातूचे असे स्फटिक ग्लायफोसेटसारखी फॉस्फरसयुक्त तणनाशके धरतात. शाळेच्या पाण्याच्या टाकीला ते लावण्याइतके स्वस्त मात्र नाहीत.

आता तुमच्यापैकी एखादा विचारील, की धुतल्यावर औषध गेले कुठे? अगदी योग्य प्रश्न. अधिशोषक औषध नष्ट करत नाही. तो त्याची फक्त जागा बदलतो. मग फायदा काय? पुन्हा आकडे घेऊ. समजा, लिटरला ५ मायक्रोग्रॅम औषध असलेले पाणी आहे आणि आपला एक ग्रॅम अधिशोषक १० मिलिग्रॅम औषध धरू शकतो. म्हणजे तो २००० लिटर पाणी स्वच्छ करील. रोज २० लिटर पिण्याचे पाणी लागणाऱ्या कुटुंबाचे शंभर दिवस झाले. शंभर दिवसांनी तो ५० मिलिलिटर मिथेनॉलने धुतला, तर २००० लिटरांत पसरलेले सगळे औषध एका कपात येईल, मूळच्यापेक्षा ४० हजारपट दाट होऊन. २००० लिटर पाणी जाळता येत नाही, कपभर द्रव जाळता येतो. मिथेनॉल ऊर्ध्वपातनाने परत मिळवता येते आणि तळाशी राहिलेले थोडेसे विष घातक कचरा जाळण्याच्या भट्टीत पाठवता येते. महाराष्ट्रात रांजणगाव, तळोजे इथे अशा घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारी केंद्रे आहेत. हा कप मोरीत ओतला तर मात्र आपण फक्त औषध एकवटून जमिनीला परत दिले असे होईल. मिथेनॉल स्वतःही जहरी आहे. हे काम घरात करण्याचे नव्हे. म्हणूनच भरलेली नळकांडी गोळा करून एका ठिकाणी धुणारी व्यवस्था नसेल तर 'पुन्हा वापरण्याजोगा' हा शब्द नुसता कागदावरच राहतो.

विष जागच्या जागी मोडून टाकणारा एक साधा अधिशोषकही आहे. स्वीडनमध्ये १९९३ साली शेतकऱ्यांनी टाकी धुण्याच्या जागेखाली खड्डा करून त्यात गव्हाचे काड, पीट आणि माती यांचे मिश्रण भरायला सुरुवात केली. निम्मे काड, बाकी दोन्ही पाव-पाव. वर गवत वाढवले. पीट आणि माती औषध धरून ठेवतात, काडावर वाढणाऱ्या बुरशा ते सावकाश मोडतात, आणि रिकाम्या झालेल्या जागी नवे औषध बसते. म्हणजे हा अधिशोषक आपला आपण मोकळा होतो. आपल्याकडे पीट नाही, पण कंपोस्ट आहे, उसाचे पाचट आहे. पिण्याच्या पाण्याचा हा उपाय नव्हे. टाकी धुतलेले पाणी विहिरीपर्यंत पोचू नये यासाठीचा आहे. माझ्या मते नाशिकच्या बागांत चांदीच्या फिल्टराआधी याचीच गरज आहे.

प्रयोग करून पाहा

धरणे आणि सोडणे या दोन्ही क्रिया डोळ्यांना दिसाव्यात म्हणून शाळेत करता येईल असा प्रयोग देतो. औषध मुळीच वापरायचे नाही. जिलेबीत घालतात तो केशरी खाद्यरंग पुरे. गरम पाण्याचे काम असल्याने शिक्षकांनी जवळ थांबावे.

पांढऱ्या अस्सल लोकरीचा वीतभर धागा घ्या. अस्सल आहे की नाही हे टोक जाळून कळते: केस जळल्यासारखा वास आला तर लोकर, वितळून गोळी झाली तर कृत्रिम धागा. अर्धा कप पाण्यात टाचणीच्या डोक्याएवढा रंग व एक चमचा व्हिनेगर घाला, धागा बुडवा आणि दहा मिनिटे मंद उकळा. पाण्याचा रंग उतरत जाईल आणि धागा केशरी होईल. आम्लामुळे लोकरीतल्या प्रथिनांवर धन भार येतो आणि रंगाचे ऋण आयन तिथे चिकटतात. आता धागा साध्या पाण्यात धुवा. रंग सुटत नाही.

दुसऱ्या कपात गरम पाणी घेऊन त्यात प्रयोगशाळेतल्या विरळ अमोनियाचे काही थेंब टाका; अमोनिया नसेल तर चिमूटभर धुण्याचा सोडा. धागा त्यात बुडवला की लोकरीवरचा धन भार जातो आणि रंग पाण्यात परत येतो. धागा धुऊन पुन्हा पहिल्यासारखा वापरा. दर खेपेला उरलेले पाणी वेगवेगळ्या परीक्षानळ्यांत ठेवून रंगांची तुलना करा आणि किती फेऱ्यांनंतर लोकर थकते ते वहीत लिहा. सोड्याऐवजी अमोनिया वापरला तर फेऱ्या वाढतात का, हेही पाहा.

शेवटी लोकरीऐवजी वाळवून चाळलेली काळी माती घ्या. बुडाशी कापूस बसवलेल्या दोन नळ्यांत ती सारखी भरा. एकीत केशरी रंगाचे पाणी हळूहळू ओता. दुसरीत मेथिलीन ब्लूचे अगदी फिकट द्रावण. मेथिलीन ब्लूच्या रेणूवर सी.सी.सी.प्रमाणेच धन भार असतो. कोणता रंग खाली उतरला आणि कोणता मातीने धरला ते पाहा. मग ज्या नळीने रंग धरला तिच्यात मिठाचे दाट पाणी ओता आणि तो सुटतो का ते तपासा.